इनचार्ज सिस्टरला तीन दिवसांत काय शिकवता येईल?

परिचारिकेला बढतीचा आदेश मिळतो त्या दिवशी तिचे काम बदलते, आणि हे नवे काम तिला कोणी शिकवलेले नसते. कालपर्यंत तिच्याकडे इंजेक्शने, सलाइन, ड्रेसिंग, तापाचे तक्ते होते. आजपासून तिच्याकडे अख्खा वॉर्ड येतो. महिन्याची ड्युटी लिस्ट, कोणाला नाइट आणि कोणाला दिवाळीत सुट्टी, औषधांचा इंडेंट, चादरींचा हिशेब, अमली औषधांच्या कपाटाची किल्ली, ऐनवेळी बंद पडलेले सक्शन मशीन, चिडलेले नातेवाईक, राउंडला आलेल्या डॉक्टरांचे प्रश्न. शिवाय कालपर्यंत जिच्यासोबत डबा खाल्ला त्या मैत्रिणीला ‘तू रोज वीस मिनिटे उशिरा येतेस’ हे सांगायचे. सरकारी कागदपत्रांत या पदाला परिसेविका म्हणतात. खासगी रुग्णालयांत वॉर्ड इनचार्ज किंवा नर्स मॅनेजर. रुग्णांच्या लेखी त्या ‘मोठ्या सिस्टर’.

या मोठ्या सिस्टरांसाठी नेतृत्व-प्रशिक्षणाचे छोटे कार्यक्रम घेण्याची पद्धत करोनानंतर आपल्याकडेही चांगलीच रुळली आहे. कुठे दोन दिवसांची कार्यशाळा, कुठे पाच दिवसांचा निवासी वर्ग, कुठे काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम. शेवटी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा एकत्र फोटो. मागणी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १२ मे २०२५ रोजी, म्हणजे परिचारिका दिनी, जगातील परिचर्येच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाख कमी पडत होत्या. परिचारिकांच्या नेतृत्वविकासाचे काही ना काही उपक्रम ६६ टक्के देशांत आहेत. कमी उत्पन्नाच्या देशांत मात्र असा आखीव कार्यक्रम जेमतेम २५ टक्के ठिकाणी आहे. म्हणजे गरज मान्य झाली आहे, पुरवठा तोकडा आहे, आणि अशा वेळी जे झटपट देता येते ते दिले जाते. तीन दिवसांचा वर्ग झटपट देता येतो. त्यातून वॉर्डात काय बदलते, हे तपासून पाहायला हवे.

आधी ही गरज उगवते कुठून ते पाहू. व्यवस्थापन हा विषय परिचर्येच्या अभ्यासक्रमात नाही असे नव्हे. पदवीला आहे, जनरल नर्सिंगच्या पदविकेलाही वॉर्ड व्यवस्थापन आहे. पण तो विषय विद्यार्थिनी विशीत शिकतात, परीक्षा देतात आणि विसरतात. सरकारी सेवेत परिसेविकेची बढती ज्येष्ठतेच्या यादीने येते, आणि ती येईपर्यंत अनेकींच्या डोक्यावर पांढरे केस आलेले असतात. खासगी क्षेत्रात याच्या नेमके उलट घडते. अनुभवी परिचारिका आखातात, ब्रिटनमध्ये, आयर्लंडमध्ये निघून जातात आणि पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी अतिदक्षता विभागाची इनचार्ज होते. एकीला हे शिक्षण फार आधी मिळालेले असते, दुसरीला अनुभव फार कमी. दोघींनाही पहिल्याच सोमवारी त्याच अडचणी येतात.

चांगले काम करणारा माणूस चांगला प्रमुख होतोच, हा समज किती फसवा आहे याचा एक मोठा पुरावा वेगळ्याच क्षेत्रातून आला आहे. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये अर्धवट विनोदाने मांडले होते की, माणूस त्याला न जमणाऱ्या पदापर्यंत बढत्या घेत जातो. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अनेक कंपन्यांच्या विक्री विभागांची माहिती तपासली. उत्तम विक्रेत्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि बढतीनंतर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने खालावत होती. परिचारिका विक्रेत्या नाहीत, हे मान्य. पण शीर बरोबर सापडणे आणि तीस माणसांची ड्युटी कोणालाही न दुखावता लावणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे कळायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. आणि सेवाज्येष्ठतेवरून तर यातले दुसरे कौशल्य अजिबातच कळत नाही.

मग प्रशिक्षण द्यावे, हे ओघाने आले. त्याचा उपयोग होतो का?

वॉर्डाच्या प्रमुखाची वागणूक महत्त्वाची असते, याबद्दल संशोधकांत फारसा वाद नाही. कॅनडातील ग्रेटा कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये आढावा घेतला. माणसांशी नाते जोडून, त्यांचे ऐकून घेऊन काम करणाऱ्या प्रमुखांच्या हाताखाली परिचारिका अधिक समाधानी असतात आणि नोकरी सोडण्याचा विचार कमी करतात, असा त्याचा सूर आहे. यातले बहुतेक अभ्यास एका वेळी केलेल्या पाहण्या आहेत. त्यातून संबंध दिसतो; कारण कोणते आणि परिणाम कोणता, ते त्यातून ठरत नाही. समाधानी कर्मचारी आपल्या प्रमुखाला चांगले गुण देतात, हेही त्याचे एक स्पष्टीकरण असू शकते. तरीही इतक्या ठिकाणी इतक्या वेळा तेच दिसत असेल, तर ते डावलून चालणार नाही.

प्रशिक्षणाच्या परिणामांचा पुरावा मात्र इतका भक्कम नाही, आणि त्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अध्यापकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरल्या जातात. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्याच्या वागण्याने संस्थेच्या कामात फरक पडला का. परिचारिकांच्या छोट्या वर्गांचे मूल्यमापन बहुतेक पहिल्या पायरीवर थांबते. फार तर दुसऱ्या. शेवटच्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात: ‘माझा आत्मविश्वास वाढला’, एक ते पाचमध्ये गुण द्या. तीन दिवस वॉर्डातून सुटका, वेळेवर चहा, वेळेवर जेवण, आणि वर्षानुवर्षे मनात साठलेले बोलून दाखवायला समोर आपल्यासारख्याच वीस बायका. या फॉर्मवर कोण कमी गुण देईल? ते गुण खोटे नसतात. पण रुग्णाला वेळेवर औषध मिळते की नाही, याच्याशी त्यांचा संबंध लागत नाही.

दुसरी अडचण स्मरणाची. एका दमात शिकवलेले टिकत नाही आणि अंतरा-अंतराने शिकवलेले टिकते, हे मानसशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. रुग्णालयाच्या जगातले त्याचे एक सुंदर उदाहरण टोरोंटोमधले आहे. कॅरल-ॲन मोल्टन आणि सहकाऱ्यांनी ३८ शिकाऊ शल्यचिकित्सकांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवले. शिकवणी सगळ्यांना सारखीच, चार सत्रांची. फरक इतकाच की अर्ध्यांना चारही सत्रे एकाच दिवशी दिली, उरलेल्यांना दर आठवड्याला एक. महिन्याभराने भूल दिलेल्या जिवंत उंदरावर परीक्षा घेतली, तेव्हा आठवड्याच्या अंतराने शिकलेले सरस ठरले. हा अभ्यास २००६ चा. टाके घालणे हे हातांचे काम आहे आणि भांडणारे दोन कर्मचारी शांत करणे हे जिभेचे. पण जिभेलाही सराव लागतोच, आणि तो मधल्या दिवसांत कामावर करून पाहावा लागतो. सलग तीन दिवसांच्या वर्गात या करून पाहण्याला जागाच नसते.

आता थोडे थांबून एका अभ्यासाकडे सविस्तर पाहू. वॉर्डाच्या प्रमुखाकडून आपण नेमके काय मागतो, हा प्रश्न त्याने उलटापालटा करून टाकला.

एमी एडमंडसन तेव्हा हार्वर्डमध्ये संशोधन करणारी विद्यार्थिनी होती. औषधे देताना होणाऱ्या चुकांवरच्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याकडे काम आले ते असे: ज्या वॉर्डांत चांगले सांघिक काम आणि चांगले नेतृत्व आहे, तिथे चुका कमी होतात का ते पाहायचे. उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असल्यासारखे होते. दोन रुग्णालयांतील आठ विभागांची माहिती हाती आली तेव्हा आकडे उलटे निघाले. जिथल्या नर्स मॅनेजरबद्दल परिचारिका चांगले बोलत होत्या, तिथेच चुकांची नोंद जास्त होती. चांगल्या नेतृत्वाने चुका वाढतात, असे मानायचे का? एडमंडसनला वेगळी शंका आली. चुका जास्त घडत नसतील, त्या जास्त सांगितल्या जात असतील. मग हे आकडे माहीत नसलेल्या एका सहकाऱ्याला त्या विभागांत पाठवून परिचारिकांशी बोलायला लावले. काही ठिकाणी चूक झाली की ती बोलून टाकायची, त्यात काय विशेष, असे वातावरण होते. काही ठिकाणी चूक सांगणे म्हणजे स्वतःहून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे होते. तिथे नोंदी कमी होत्या. हा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कामाच्या ठिकाणी न घाबरता बोलता येण्याबद्दलचे पुढचे सारे संशोधन त्यातून वाढले.

आपल्या वॉर्डांत हे कसे दिसेल, याची कल्पना करायला फार कष्ट नकोत. आपल्याकडे चुकीला पहिले उत्तर मेमो असते आणि दुसरे कारणे दाखवा नोटीस. रात्री दोन वाजता चुकीच्या रुग्णाला प्रतिजैविक दिले गेले, रुग्णाला काही झाले नाही, तर ती गोष्ट सकाळच्या ओव्हरमध्ये येतच नाही. दोन शेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते, ही खरी अडचण कोणालाच कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तीच चूक दुसऱ्या कोणाकडून होते. नवी इनचार्ज सिस्टर एखाद्या चांगल्या वर्गाला जाऊन आली, तिने खरोखर आपली वागणूक बदलली, चूक सांगणारीला आधी ‘बरे झाले सांगितलेस’ म्हणायला लागली, तर पुढच्या तीन महिन्यांत तिच्या वॉर्डातील चुकांची नोंद वाढेल. मासिक बैठकीत तिचा वॉर्ड सगळ्यांत वाईट दिसेल. त्या बैठकीत अधिसेविका आणि वैद्यकीय अधीक्षक काय बोलतात, यावर तिचे प्रशिक्षण टिकते की त्याच दिवशी संपते, ते ठरेल. म्हणून मला वाटते, अशा वर्गांत पहिले तास परिसेविकांच्या वरिष्ठांना बसवावे. त्यांना वेळ नसतो, ही सबब इथे चालू नये.

वरिष्ठ पाठीशी असतील तर किती फरक पडतो, हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत दिसले. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होतो आणि त्यातून माणसे दगावतात. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी शंभरहून जास्त विभागांत पाच साध्या गोष्टी पाळायला लावल्या: हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरणे वापरणे, त्वचा क्लोरहेक्झिडिनने पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपलेली नळी काढून टाकणे. यांतली एखादी पायरी कोणी गाळली आणि तातडीची वेळ नसेल, तर काम तिथेच थांबवायचे असा नियम होता. म्हणजे परिचारिकेने डॉक्टरला थांबवायचे. संसर्गाच्या दराचा मध्यक दर हजार नळी-दिवसांमागे २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर ‘चेकलिस्ट’ हा शब्द जगभर झाला.

यात कागदाच्या यादीपेक्षा आजूबाजूची व्यवस्था मोठी होती. प्रत्येक विभागात एक डॉक्टर आणि एक परिचारिका असे दोन प्रमुख नेमले होते. त्यांचे प्रशिक्षण एका आठवड्यात उरकले नाही; दर पंधरवड्याला फोनवर बैठक, संशोधकांकडून सततचे मार्गदर्शन आणि वर्षातून दोनदा राज्यभरचा मेळावा. रुग्णालयांच्या मुख्याधिकाऱ्यांना आधीच सांगून क्लोरहेक्झिडिनचा साठा करवून घेतला होता, म्हणजे परिचारिकेने ‘हे वापरा’ म्हणावे आणि कपाटात ते नसावे, असे झाले नाही. पुढे इंग्लंडमध्ये त्याचीच नक्कल करणारा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. तिथेही संसर्ग कमी झाला, पण तो आधीपासूनच कमी होत होता आणि कार्यक्रमाचा वेगळा वाटा दाखवता आला नाही. मेरी डिक्सन-वूड्स यांच्या गटाने वॉर्डात बसून जे पाहिले त्यानुसार अनेक ठिकाणी तो वरून आलेला आणखी एक फतवा ठरला होता. यादी तीच होती.

ब्रिटनचा उल्लेख आलाच आहे तर तिथल्या आरोग्य सेवेचा मेरी सीकोल कार्यक्रम सांगायला हवा. पहिल्यांदाच प्रमुखपदावर आलेल्यांसाठी तो आहे आणि सहा महिने चालतो. थोडा अभ्यास ऑनलाइन, मधे मधे एकत्र येऊन कार्यशाळा, बाकी सारा काळ आपापल्या कामावर. नाव मेरी सीकोलचे आहे, हेही चांगलेच. क्रिमियन युद्धात नाइटिंगेलबाईंच्या तुकडीत जागा मिळाली नाही तेव्हा स्वखर्चाने आघाडीवर गेलेली ही जमैकाची बाई. नेतृत्वाच्या वर्गाला याहून समर्पक नाव सापडले नसते.

पण प्रशिक्षण सहा महिन्यांचे केले तरी एक भिंत उरतेच. ती संख्येची आहे.

टोरोंटोच्या डायान डोरन आणि सहकाऱ्यांनी ऑन्टॅरिओतील रुग्णालयांत पाहणी करून २००४ मध्ये अहवाल दिला. एका नर्स मॅनेजरच्या हाताखाली किती माणसे असावीत, हा त्यांचा प्रश्न होता. चांगल्या नेतृत्वाचा चांगला परिणाम दिसला. पण हाताखालच्या माणसांची संख्या वाढत गेली तसा तो विरत गेला. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता की, फार मोठा पसारा असेल तर कोणतीही नेतृत्वशैली त्यावर मात करू शकत नाही. नेतृत्व-प्रशिक्षणाच्या प्रत्येक माहितीपत्रकावर हे वाक्य छापले पाहिजे, असे मला वाटते. कोणी छापणार नाही.

दुसरी बाजू रुग्णांच्या संख्येची. लिंडा एकेन यांच्या गटाने २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतून जवळपास तसाच आकडा आला. हे आकडे एका परिचारिकेमागे चार, सहा, आठ रुग्णांच्या जगातले आहेत. आपल्या केंद्र सरकारच्या कर्मचारी तपासणी विभागाचा निकषही सर्वसाधारण वॉर्डासाठी सहा रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात रात्री दहा वाजता कोणीही चक्कर मारावी आणि मोजावे. जमिनीवरच्या गाद्याही मोजाव्यात.

अशा वॉर्डात इनचार्ज सिस्टर नेतृत्व केव्हा करणार? ती स्वतः इंजेक्शने देत असते. ब्रिटनमध्ये मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयात रुग्णांची वर्षानुवर्षे झालेली आबाळ उघड झाल्यावर रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीने फेब्रुवारी २०१३ मध्ये २९० शिफारशी केल्या. त्यांतली एक नेमकी इथली आहे. वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेने देखरेखीचे काम करावे, तिला कार्यालयात अडकवू नये आणि आणीबाणी वगळता नेहमीच्या परिचारिकांच्या मोजणीत तिला धरू नये. आपल्याकडे ती मोजणीतही असते आणि कागदांतही अडकलेली असते. इंडेंट, स्टॉक रजिस्टर, डेड स्टॉक, नादुरुस्त वस्तूंची यादी, धुलाईचा हिशेब. यातले निम्मे काम एक लिपिक करू शकतो. वॉर्डाला अर्धवेळ लिपिक देणे हा नेतृत्वविकासाचा सर्वांत स्वस्त कार्यक्रम ठरेल, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

आणि अधिकार? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. नंतर ज्यांच्यावर निलंबनाची, सेवासमाप्तीची कारवाई झाली त्यांत जिल्हा शल्यचिकित्सकांबरोबर परिचारिकाही होत्या. कोणाचा किती दोष, हा या लेखाचा विषय नाही. पण कक्षातल्या वायरिंगची तपासणी, अग्निशमन यंत्रणेचा खर्च, किती खाटांमागे किती माणसे, यातले काहीही इनचार्ज सिस्टरच्या सहीने होत नाही. तिच्या सहीने अर्ज जातो. दोषाची वाटणी करताना ती प्रमुख ठरते आणि निर्णय घेताना कर्मचारी. ड्युटी लिस्ट ती लावते, पण रिक्त जागा ती भरू शकत नाही. हाताखालच्या अर्ध्या मुली कंत्राटी असतील तर त्यांची हजेरी एका कंपनीकडे आणि काम तिच्याकडे. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा चर्चा पगाराची आणि नोकरीच्या शाश्वतीची झाली. वॉर्ड चालवणारीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक प्रश्न त्यात होता: सहा महिन्यांत जी जाणार आहे, तिला शिकवायचे किती आणि तिच्याकडून हक्काने मागायचे किती?

यावरून छोटी प्रशिक्षणे निरुपयोगी ठरवणे मात्र घाईचे होईल. नव्या इनचार्जला पहिल्या महिन्यात काही ठरावीक गोष्टी अडतात, आणि त्या शिकवता येतात. ओव्हर कशी घ्यावी, ही त्यातली पहिली. रुग्णाची सद्यस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आता काय हवे, या चार पायऱ्यांत माहिती सांगण्याची एक पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली आहे. ती अर्ध्या दिवसात शिकता येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येते. न्याय्य ड्युटी लिस्ट कशी करावी, घडलेल्या चुकीची नोंद कोणावर बोट न रोखता कशी लिहावी, डॉक्टरला फोनवर ठामपणे कसे सांगावे, हेही शिकवता येते. अवघड संवाद तर करूनच शिकावा लागतो. इथे एक गोष्ट खटकते ती बोलू. हे वर्ग बहुधा इंग्रजी स्लाइडवर चालतात आणि ‘ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप’च्या व्याख्येत सकाळ जाते. वॉर्डातले भांडण मात्र मराठीत होते, कधी हिंदीत, कधी मल्याळीत. वयाने आपल्यापेक्षा मोठ्या असलेल्या मावशींना ‘मावशी, बेडपॅन तासभर तसाच होता’ हे त्यांचा मान राखून आणि तरी ठणकावून कसे सांगायचे, ते इंग्रजी पुस्तकात नाही. तीन वेळा मोठ्याने बोलून पाहिले तर जमते. वर्गात एखादी जुनी, मुरलेली इनचार्ज मावशींच्या भूमिकेत बसली, तर उत्तमच.

ही जुनी इनचार्ज खरे तर वर्गानंतर जास्त हवी. तीन सलग दिवसांऐवजी महिन्याला अर्धा दिवस, सहा महिने. पाच-सहा नव्या परिसेविकांचा गट आणि त्यांच्यात बसणारी एक निवृत्तीला आलेली किंवा निवृत्त झालेली सिस्टर. मागच्या महिन्यात काय करून पाहिले, काय फसले, एवढेच विचारायचे. खर्च जवळपास शून्य. आणि मोजायचेच असेल तर फॉर्मवरचा आत्मविश्वास मोजू नये. त्या वॉर्डातून वर्षभरात किती जणींनी बदली मागितली, किती चुका स्वतःहून सांगितल्या गेल्या, किती औषधे वेळ चुकून दिली गेली, ते मोजावे. या नोंदी बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या रजिस्टरांत कशाबशा का होईना, असतात. कोणी एकत्र ठेवून पाहत नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. तीस खाटांच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात इनचार्जसह सात परिचारिका आहेत असे धरू. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. प्रत्येक पाळीला दोघी हव्यात म्हटले तर बेचाळीस ड्युट्या भराव्या लागतात. सात जणींनी आठवड्याला सहा दिवस काम केले की बरोबर बेचाळीस होतात. म्हणजे कोणी आजारी पडायचे नाही, कोणाच्या मुलाची शाळेत सभा नाही, कोणी बाळंतपणाच्या रजेवर नाही. यातल्या एकीला पाच दिवसांच्या वर्गासाठी जिल्ह्याच्या गावी बोलावले की पाच पाळ्यांना रुग्णालयात एकच परिचारिका उरते, नाहीतर बाकीच्या सहा जणींपैकी पाचजणींना आपला आठवड्याचा ऑफ सोडावा लागतो. बदली माणूस पाठवण्याची तरतूद प्रशिक्षणाच्या परिपत्रकात केलेली नसेल, तर ही जुळवाजुळव कोणी करायची? जी वर्गाला निघाली आहे, तिनेच. जाण्याआधी ड्युटी लिस्ट तिलाच लावायची असते.